फितीपलीकडची ऊब

ॐ. क्षीरसागरातून अमृताचा कलश घेऊन वर आलेल्या भगवान धन्वंतरीला प्रथम वंदन. मग वाग्देवीला, जिने मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी जन्मलेल्या माझ्यासारख्याच्या जिभेवर देववाणीला जागा दिली. आणि मग त्या मातीला, जिच्यात माझी नात निजली आहे.

आज तिची वर्षतिथी. शास्त्राप्रमाणे आज मला काहीही करावयाचे नाही. दात न आलेल्या बालकाला अग्नी देत नाहीत, पिंड देत नाहीत. त्याचे तर्पणही नसते. तिचे नाव ठेवलेले नव्हते, तेव्हा हातात पाणी घेऊन उच्चारावे असेही काही नाही. आयुष्यभर हे शास्त्र मी इतरांना समजावून दिले. आज तेच मला रिकाम्या ओंजळीने उभे करते. म्हणून हे लिहीत आहे. हेच तिचे तर्पण समजावे.

आमच्या तालुक्याचे नाव लिहीत नाही. गोंदिया जिल्हा, एवढे पुरे.

"मंत्र म्हणा ना, गुरुजी. ऊब येईल."

हे वाक्य मला डॉक्टरांनी ऐकवले. ग्रामीण रुग्णालयाच्या भरल्या व्हरांड्यात, सकाळच्या उन्हात. पौषाची थंडी होती. आमच्याकडची थंडी धानाच्या कापलेल्या बांध्यांवरून सरळ अंगावर येते, तिला अडवायला मध्ये काही नसते. माझी पत्नी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पदराआड, माझ्या लोकरी शालीत गुंडाळलेली, आमच्या गार्गीची मुलगी होती. पहाटे जन्मली. दिवस भरण्याआधी आली. तळहातावर मावेल एवढी. रडली नाही, नुसती कण्हली.

गार्गी आमची एकुलती एक. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीने आलेली. जावई नागपूरला कामावर. रुग्णालय जवळ आहे, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. आणि तिथे नवजात बालकांसाठी नवा कक्ष झाला आहे, हे तर मला सर्वांआधी ठाऊक होते. त्याच्या उद्घाटनाला स्वस्तिवाचन मीच करणार होतो.

ते आमंत्रण घेऊन गुड्डूभाऊ आमच्या घरी आला होता. गुड्डूभाऊ म्हणजे आमच्या आमदारसाहेबांचा तालुक्यातला माणूस. मंडप, हार, फटाके, माईक, सगळे त्याच्याकडे. अंगणातल्या खाटेवर बसून, माझ्या पत्नीने दिलेला चहा बशीत ओतून तो म्हणाला,

"गुरुजी, भटजी तर कुठंही भेटते. पण ढिवराच्या तोंडून संस्कृत! साहेब एकदम खूश होऊन जाईन. फोटो पेपरात येईन पाहा."

मी हसलो होतो. हात जोडले होते. पत्नी मात्र बशी उचलताना पुटपुटली, "पोपट दाखवाले नेऊन राहिले."

तर तो कक्ष. त्या दाराला कुलूप नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे पुष्कळांनी मला विचारले की किल्ली कोणाजवळ होती. किल्लीचा प्रश्नच नव्हता. बाहेरून कडी होती. आणि चौकटीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत गुलाबी साटीनची फीत, मध्ये फुलासारखी फुगवलेली गाठ. दाराला काच होती. काचेतून आतल्या पेट्या दिसत होत्या. बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या, नव्याकोऱ्या, पारदर्शक प्लास्टिकने झाकलेल्या. एका पेटीवर हिरवा दिवा लागलेला होता. आदल्या दिवशी ती चालवून पाहिली, असे सिस्टरने सांगितले.

ही सिस्टर कंत्राटावर होती. बौद्ध वस्तीतली, आमच्याच बाजूच्या गावची. पहाटेपासून बाळाला तिनेच जगवले होते. छातीशी धरून, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "पेटी चालू आहे. दिवा दिसतो आहे."

"दिसतो ना? परवा उद्घाटन आहे, तेव्हा नीट दिसेल."

"बाळ परवापर्यंत थांबणार नाही."

"म्हणूनच गोंदियाला रेफर केलंय. न्या की."

"गाडी गेली आहे. दुसऱ्या एका बाईला घेऊन गेली, आली नाही."

सिस्टर पुढे झाली. "सर, गाडी येईपर्यंत तरी ठेवू द्या. अंग थंडं होऊन राहिलं तिचं. मी कव्हर जसंच्या तसं घालून देतो, फीत पुन्हा बांधून देतो. कोणाले समजणार नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलेदेखील नाही. "तुमचं कंत्राट मार्चपर्यंत आहे ना, सिस्टर?"

ती मागे सरली. तिला मी दोष देत नाही. तिच्याही घरी लेकरे आहेत.

तेव्हा माझी पत्नी बोलली. ती शाळेत गेलेली नाही. तिच्या बोलण्याला उंबरठा नाही.

"काऊन जी डॉक्टर, मंग पेटी आणली कोणासाठी? साहेबाले निजवता का तिच्यात?"

व्हरांड्यात हशा पिकला. तापाचे, खोकल्याचे, पाय सुजलेले, सगळे हसले. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. पण उत्तर त्यांनी तिला दिले नाही. मला दिले.

"गुरुजी, बाईला आवरा. तुम्ही तर संस्कृतवाले. परवा स्टेजवर म्हणणारच आहात ना? आज इथंच म्हणा. मंत्र म्हणा ना, गुरुजी. ऊब येईल."

पुन्हा हशा. तीच माणसे. तोच व्हरांडा. गरिबाच्या हसण्याला बाजू नसते, ते मोठ्या आवाजाच्या मागे जाते.

मग डॉक्टरांनाच काही वाटले असावे. म्हणाले, "थांबा, मी विचारतो. माझ्या हातात काही नाही, समजून घ्या. बसा तिथं बाकावर."

त्यांनी गुड्डूभाऊला फोन लावला. गुड्डूभाऊने साहेबांच्या पीएला लावायचा होता. पीएने साहेबांना विचारायचे होते. आणि मी बाकावर बसलो.

मी बसलो, हे मला लिहावे लागते आहे.

बसण्याची मला सवय होती. लहानपणी गोंदिया शहरात एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे पाठ ऐकायला जात असे. आत मुले बसत. मी उंबरठ्याबाहेर, चपलांजवळ. शास्त्रीबुवा दयाळू होते. मला हाकलून दिले नाही, आवाज थोडा मोठा करून शिकवीत, माझ्यापर्यंत पोहोचावा म्हणून. आत ये, असे मात्र कधी म्हणाले नाहीत. पावसात मी पाठीवर पोते घेऊन तिथेच बसे आणि शब्दरूपे म्हणे. तिथे बसूनच मी सगळे मिळवले. पुढे शाळेत संस्कृत शिकवले. गावाने गुरुजी म्हटले. आणि दाराबाहेर वाट पाहण्याला मी विनय हे नाव दिले. तितिक्षा. किती सुंदर शब्द आहे. थंडी, ऊन, अपमान सारखेच मानून सहन करणे. मी मुलांना तो शब्द फळ्यावर लिहून समजावून देत असे.

बाकावर बसून मी तितिक्षा केली. थंडी मात्र मला वाजत नव्हती. तिला वाजत होती.

काचेपलीकडे हिरवा दिवा लागलेला होता. रिकाम्या पेटीला ऊब मिळत होती.

पत्नी म्हणाली, "अवो, इचारा ना परत."

मी म्हणालो, "विचारत आहेत ते. धीर धर."

ती म्हणाली, "धीर मी धरीन. ह्या लेकराले कोण सांगन धीर धराले?"

सूर्य व्हरांड्याच्या पायरीवरून खाली उतरला तेव्हा निरोप आला. डॉक्टरांनी फोनचा आवाज मोठा करून मला ऐकवला, म्हणजे त्यांच्यावर बोल नको. पलीकडून गुड्डूभाऊ होता. "डॉक्टरसाब, पीए बोले, साहब के हाथ से ही खुलेगा. गुरुजी को समझा दो, अपने ही आदमी हैं."

अपने ही आदमी.

एका ओळखीच्या माणसाची जीप मिळाली. गार्गीला रुग्णालयातच ठेवून आम्ही दोघे निघालो. तिला उठता येत नव्हते. खाटेवरून तिने हात लांब केला, शालीचे टोक धरले, आणि सोडले. सिस्टर जीपपर्यंत धावत आली. तिने शेवटची गरम बाटली पत्नीच्या कमरेशी दिली आणि म्हणाली, "मावशी, लुगड्याच्या आत घ्या, अंगाले अंग लावा. सोडू नका."

पत्नीने सोडले नाही. साऱ्या वाटेने ती वाकून बसली होती, जणू पोटात परत घेईल. मी जप करीत होतो. होय, करीत होतो. डॉक्टर हसले म्हणून देवाचे नाव टाकवत नाही.

गोंदियाच्या राईस मिलची धुराडी दिसू लागली. हवेत कोंड्याचा वास आला. पत्नीने मान वर केली.

"अवो," ती म्हणाली, "पोरगी हालून नाई राहिली."

जीपवाल्याने वेग वाढवला. मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टर मुलीने पाहिले, कानाला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकले. मग ती मला म्हणाली, "बाबा, थोडं आधी, नुसतं गरम ठेवलं असतं तरी..." आणि तिने वाक्य पूर्ण केले नाही. तिचे मी आभार मानतो. पूर्ण वाक्य मला सहन झाले नसते.

गावाबाहेर बोडी आहे, आमच्या ढिवरांचे मासोळ्यांचे लहान तळे. तिच्या पाळीखाली मी स्वतःच्या हाताने खड्डा खणला. शाल तिच्यासोबतच ठेवली. पत्नी म्हणाली, "नीट गुंडाळा. थंडी हाये." मी नीट गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी गुड्डूभाऊ आला. या वेळी खाटेवर बसला नाही, उभाच राहिला. वाईट वाटल्याचे बोलला. त्याला खरोखर वाईट वाटले असेल, मी शंका घेत नाही. मग खाकरला.

"गुरुजी, उद्याचा कार्यक्रम तर... मंडप टाकून झाला आहे ना. मी भटजींना विचारून आलो जी. एवढ्या लहान लेकराचं सुतक राहत नाही म्हणते. तर मग तुम्हाला यायले हरकत नाही."

शास्त्र त्याने बरोबर आणले होते. देशकालाप्रमाणे मतभेद आहेत, पण ढोबळमानाने बरोबर. मी आयुष्यभर जे शिकलो, ते त्याने एका सकाळीत मिळवले आणि माझ्याच गळ्यात दोरीसारखे घातले. इतक्या लहान मृत्यूला शोकाचाही अधिकार नाही, तर मग, गुरुजी, या मंचावर.

मी म्हणालो, "येतो."

तो गेल्यावर आतून गार्गीने हाक मारली. आम्ही तिला घरी आणले होते. भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोलके पुढून ओले होते. आईने कापडाच्या घड्या दिल्या होत्या, त्याही ओल्या.

"बाबा, तुम्ही म्हणणार तिथे?"

मी उंबरठ्याशीच उभा राहिलो.

"दूध थांबून नाही राहिलं, बाबा," ती म्हणाली. "मी काय सांगू त्याला?"

तिचे नाव मी मोठ्या हौसेने ठेवले होते. भर सभेत प्रश्न विचारणाऱ्या विदुषीचे नाव. आणि तिने हा प्रश्न भिंतीकडे तोंड करून विचारला.

दुसऱ्या दिवशी संध्यावंदन करून, धुतलेले धोतर नेसून मी गेलो. मंडप रुग्णालयाच्या आवारात. खुर्च्यांना पांढरी कापडे. व्हरांड्यातल्या रुग्णांना मागच्या बाजूला बसवले होते, फोटोत येऊ नयेत म्हणून. साहेब उशिरा आले. हार झाले. मग सगळे त्या दारापुढे जमले. चांदीच्या तबकात कात्री. माझ्या हातात माईक दिला गेला. गुड्डूभाऊने माझी ओळख करून दिली, तीच, ढिवराच्या तोंडची.

समोर काच. काचेत हिरवा दिवा.

मी तोंड उघडले. संस्कृत निघाले नाही. माझ्या मायची बोली निघाली, जी मी शाळेत, सभेत, मंदिरात कधी बोललो नाही.

"ह्या दारासमोर माही नात थंडी झाली," मी म्हणालो. "पेटी चालू होती. आमी तिथं, त्या बाकावर बसून होतो. मी मंत्र म्हणत नाई."

माईक मी तबकात ठेवला, कात्रीजवळ. आणि फितीच्या गाठीत बोट घातले.

ती कापावी लागली नाही. गाठ सैल होती. शोभेची गाठ. एका बोटाने सुटली आणि फीत दोन्ही बाजूंनी खाली लोंबली. कडी सरकवली. दार उघडले. आतली ऊब माझ्या तोंडावर आली.

एवढेच होते. एवढ्याच्या अलीकडे आम्ही बसून राहिलो होतो.

"गुरुजी, ये क्या कर रहे हो!" गुड्डूभाऊने माझे कोपर धरले. दोन पोलीस आले. त्यांनी मला ओढले नाही, म्हाताऱ्याला नेतात तसे सांभाळून बाजूला नेले. मंडपाच्या कडेवरून मी पाहिले. दार पुन्हा ओढून घेतले गेले. फीत पुन्हा बांधली गेली. साहेबांनी ती कापली. टाळ्या पडल्या. प्लास्टिकचे कव्हर साहेबांनीच काढले. डॉक्टर माझ्याकडे पाहत नव्हते. सिस्टर पाहत होती, आणि तिने टाळी वाजवली नाही.

यातून कोणी सुधारले, असे मी लिहिणार नाही. डॉक्टरांची बदली झाली, त्यांना हवी होती तिथे. सिस्टरचे कंत्राट पुढे वाढले नाही. माझ्याविरुद्ध सरकारी कामात अडथळा आणल्याची तक्रार आहे. त्या पेट्यांत आता बाळे ठेवतात, हे खरे. काही जगतात. त्यांच्या आया मला वाटेत भेटतात तेव्हा मी आशीर्वाद देतो आणि घरी येऊन गार्गीपुढे बसतो. ती सासरी परत गेलेली नाही. थंडी पडली की बोडीकडे जाते. मी थांबवत नाही. पत्नीने यंदा लोकर आणली आहे. काय विणते आहे ते मी विचारलेले नाही.

आता आजचे सांगतो.

त्याच आवारात, त्याच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, नवी खोली तयार झाली आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे रक्त शुद्ध करण्याची यंत्रे तिथे आली आहेत. माणसेही नेमली आहेत, ती रोज येऊन बाहेर बसतात. आमच्या टोलीतला, ढिवरांच्या वस्तीतला, एक तरुण बाप, पाय आणि तोंड सुजलेला, अजूनही धक्के खात गोंदियाला जातो, आणि परत येतो तेव्हा त्याला बसमधून दोघांनी उतरवावे लागते. मागच्या वेळी रस्त्यातच कोसळला. खोली बंद आहे. साहेबांची तारीख मिळत नाही.

काल मी पाहून आलो. दाराला कुलूप नाही. कडी आहे. आणि फीत आहे, या वेळी पिवळी.

शास्त्रीबुवांनी मला दाराबाहेर बसून विद्या दिली. त्यांचे ऋण मी नाकारत नाही. तितिक्षा हा शब्द आजही मला सुंदर वाटतो. पण तो स्वतःच्या अंगावरच्या थंडीसाठी आहे. दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावरची थंडी आपण सहन करणे, याला तितिक्षा म्हणत नाहीत. याला काय म्हणतात, ते मला कोशात शोधावे लागत नाही. मी त्या बाकावर बसलो होतो.

उद्या सकाळी संध्या आटोपून मी जाणार आहे. त्या तरुणाला सोबत घेऊन. त्याच्या बायकोला सांगून ठेवले आहे. माझी पत्नी येणार आहे, ती बोलेल. गार्गी येते म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच काही म्हणाली. कोणाला फोन लावणार नाही. कोणाला विचारणार नाही. बाकावर बसणार नाही. गाठ सोडीन, कडी काढीन, आणि त्याला आत नेईन. पुन्हा बांधली, तर पुन्हा सोडीन. पोलीस नेतील तर जाईन, परत येईन. आणि कोणत्याही बंद दारापुढे माझ्या तोंडून आता स्वस्तिवाचन निघणार नाही.

हे वाचणाऱ्या सज्जना, माते, तुझे कल्याण असो. तुझ्या घरची चूल पेटती राहो. तुझ्या घरी जन्मणाऱ्या प्रत्येक लेकराला ऊब मिळो, नाव मिळो, दात येवोत. तुझ्या म्हाताऱ्यांना औषध वेळेवर मिळो. तुझ्या कुळातल्या कोणावर दाराबाहेर बसण्याची वेळ न येवो. आणि आलीच, तर भगवान धन्वंतरी तुला शांती न देवो. तुझ्या बोटांत बळ देवो.